गंज पेठेतला पाळणा

१८६३ साली पुण्यातल्या ब्राह्मणवस्तीत, गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, छापील जाहिराती चिकटवलेल्या दिसू लागल्या. मजकूर विधवांना उद्देशून होता. दिवस राहिले असतील तर इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर, मागे ठेवलंत तर त्याचं सगळं आम्ही पाहू, असा त्याचा आशय. जागा गंज पेठेतली, जोतीराव फुल्यांच्या घराची. जोतीराव तेव्हा छत्तिशीत होते, सावित्रीबाई बत्तीस वर्षांच्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि घरात स्वतःचं मूल नव्हतं.

जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, ते या माणसाने भिंतीवर छापून लावलं होतं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तो कागदावर. पुण्यातल्या सोवळ्या घरांत विधवेचं केशवपन होत होतं, आलवण नेसून ती स्वयंपाकघरात आणि विहिरीवर राबत होती, आणि घरातल्याच किंवा शेजारच्या कुण्या प्रतिष्ठिताची नजर तिच्यावर पडली की पुढचं सगळं तिच्या एकटीच्या पदरात पडत होतं. आधी झाडपाल्याची औषधं. ती लागू पडली नाहीत तर एखादी आडवेळ, एखादी विहीर.

अशाच एका विहिरीपासून ही हकिकत सुरू होते. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांनी तिला नादी लावलं, दिवस राहिले, गर्भ पाडायचे उपाय फसले, आणि नऊ महिन्यांनी मुलगा झाल्यावर शास्त्रीबुवांनी हात वर केले. काशीबाईने त्या पोराला सुरीने मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिस आले. पुण्याच्या सेशन कोर्टाने तिला जन्मठेप, काळं पाणी, अशी शिक्षा दिली. अंदमानची वसाहत तेव्हा नुकतीच, सत्तावन्नच्या बंडवाल्यांसाठी, उघडली होती. शिक्षा झाली ती काशीबाईला एकटीला.

ही हकिकत जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून देशभर मतं मागवली, त्यावर ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात त्यांनी ती सांगितली. काशीबाईला शिक्षा झाल्यावर आपण आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, असं ते तिथे सांगतात. म्हणजे ना देणगीदारांची सभा, ना ठराव, ना इमारत निधी. एका बाईला शिक्षा झाली आणि एका जोडप्याने आपल्या घराचं दार उघडलं.

इथपर्यंतची गोष्ट आपण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून ऐकत आलो आहोत. भाषणं बहुधा इथेच थांबतात, आणि मला वाटतं, नेमकी इथेच चूक होते. मूल वाचवणं हे एका रात्रीचं काम आहे. वाढवणं वीस वर्षांचं. गंज पेठेतल्या त्या घराचा इतिहास वाचवण्याचा म्हणून पुष्कळ लिहिला गेला; वाढवण्याचा म्हणून तो क्वचितच वाचला जातो.

तसा वाचायचा तर जोतीरावांच्या स्वतःच्या पाळण्यापासून सुरुवात करायला हवी. १८२७ च्या एप्रिलमध्ये त्यांचा जन्म झाला आणि मूल वर्षाचं व्हायच्या आत आई चिमणाबाई वारल्या. वडील गोविंदराव फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या धंद्यात. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. आईवेगळ्या जोतीला सांभाळलं ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या स्वतः बालविधवा. नातं नेमकं कोणतं यावर चरित्रकार वाद घालत बसले आहेत, कुणी मावसबहीण म्हणतं, कुणी आत्या. मुलाला त्या वादाशी काय कर्तव्य? उचलून घेणारे हात रोज तेच होते, एवढं त्याला कळत असणार. पुढे सावित्रीबाई त्यांना आऊ म्हणत.

सगुणाबाई एका इंग्रज गृहस्थाच्या घरी दाईचं काम करत. तिथे अनाथ मुलं सांभाळली जात. परक्याचं मूल पोटच्यासारखं वाढवता येतं, आणि ते काम मन लावून, शिस्तीने करायचं असतं, हे त्या तिथे रोज पाहत होत्या आणि घरी येऊन जोतीला वाढवत होत्या. त्याने शिकावं हा आग्रहही त्यांचाच. मध्यंतरी शाळा सुटून शेतात गेलेला मुलगा १८४१ मध्ये पुन्हा शाळेत आला तो गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांचं मन वळवल्यामुळे. पुढे १८४९ मध्ये, मुलींची शाळा काढली म्हणून लोकांच्या दबावाखाली त्याच वडिलांनी मुला-सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी. रक्ताच्या नात्याने घराबाहेर काढावं आणि बिनरक्ताच्याने आत घ्यावं, हे जोतीरावांच्या आयुष्यात एवढ्या वेळा झालं की त्यांनी पुढे ज्या प्रकारचं घर उभं केलं त्याचं आश्चर्य वाटायला नको.

सगुणाबाई १८५४ साली गेल्या. गृह निघालं ते त्यानंतर नऊ वर्षांनी. त्यांनी ते पाहिलं नाही.

आता आकडे. ते गोड नाहीत. १८८४ च्या त्या अभिप्रायात जोतीराव सांगतात की गृह सुरू झाल्यापासून ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत आहेत, तीस दगावली. कारणही ते देतात. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधं घेतली होती, त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली होती.

पस्तिसातली पाच. आपल्या महापुरुषांच्या चरित्रांत हा आकडा घाईघाईने ओलांडला जातो, पण लिहिणाऱ्याने तो लपवला नव्हता. सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर स्वतःच्या संस्थेचं अपयश असं मोकळेपणी लिहिणारे संस्थाचालक तेव्हा दुर्मिळ होते, आणि आजही शोधावेच लागतात. औषधांचं कारण खरं असेलच. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. आईच्या दुधावाचून तान्हं मूल जगवणं त्या काळी जगात कुठेच सोपं नव्हतं. जंतूंचं शास्त्र अजून बाळसं धरत होतं. गाईचं किंवा शेळीचं वरचं दूध पुण्याच्या उन्हाळ्यात काही तासांत नासतं. आणि दूध पाजणारी दाई अशा मुलाला मिळणं जातीपातीच्या आणि बदनामीच्या भिंतींमुळे अवघड.

लंडनची गोष्ट पाहा. थॉमस कोरम नावाच्या जहाजावरच्या कप्तानाने रस्त्यावर टाकलेली मुलं पाहून १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली आणि फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं. थोरामोठ्यांचा आश्रय, सरकारी अनुदान, काही कमी नव्हतं. १७५६ ते १७६० या चार वर्षांत, येईल ते मूल घ्यायचं असं ठरलं तेव्हा सुमारे १५ हजार मुलं आली आणि त्यांतली जवळपास दोनतृतीयांश मेली. जी जगली त्यांची आणखी एक परवड व्हायची. तान्ही मुलं खेड्यातल्या दूधआयांकडे पाठवली जात. तिथे ती त्या बाईलाच आई समजत वाढत, आणि पाचेक वर्षांची झाली की संस्था त्यांना परत लंडनला आणी. आधी जन्मदाती गेली, मग दुसरीही. व्यवस्थापकांच्या हिशेबात हे काटकसरीचं आणि सोयीचं होतं.

गंज पेठेत ही पद्धत नव्हती, कारण तिथे संस्था आणि घर असं वेगळं काही नव्हतंच. बाळंतिणीची खोली, चूल, पाळणा, अंगणातली विहीर, सगळं एकाच आवारात. मूल ज्या बाईच्या हातात जन्मलं तिच्याच हातात ते रांगायला लागायचं. मुद्दाम आखलेलं शास्त्र यामागे नव्हतं. पैसा नव्हता, जागा नव्हती, म्हणून हे झालं असेल. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर लंडनच्या श्रीमंत संस्थेपेक्षा पुण्याच्या या गरीब घरात एक गोष्ट जास्त होती. सांभाळणारं माणूस बदलत नव्हतं.

१८७३-७४ च्या सुमारास आणखी एक काशीबाई या घरात आली. हीही ब्राह्मण विधवा. जीव द्यायला निघालेल्या तिला जोतीरावांनी अडवून घरी आणलं. तिला मुलगा झाला. नाळ सावित्रीबाईंनीच कापली असं सांगतात. त्याचं नाव यशवंत ठेवलं आणि फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं.

दत्तक हा शब्द त्या काळच्या पुण्यात कोणत्या अर्थाने कानावर पडत होता हे लक्षात घ्यायला हवं. दत्तक घ्यायचा तो पिंड द्यायला, गादी चालवायला, वतन टिकवायला. तोही भाऊबंदांतला, निदान जातीतला, शक्यतो चांगल्या खानदानाचा. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य घेतलं, पुढे झाशी घेतली, आणि त्यावरून लढाया झाल्या. या सगळ्या व्यवहारात ज्याला दत्तक दिलं-घेतलं जायचं त्या पोराला काय वाटतं हे विचारायची रीत नव्हती. जोतीरावांचा तर श्राद्धा-पिंडावर विश्वासच नव्हता. वतन नव्हतं, गादी नव्हती. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला होता, तो त्यांनी धुडकावला होता. मग मुलगा हवा कशाला? या प्रश्नाला एकच उत्तर उरतं : वाढवायला. माळ्याच्या घरात, ब्राह्मण विधवेच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मलेलं मूल; शास्त्राने, रूढीने आणि जातीने ज्याला तिन्ही दारं बंद होती, ते या घरात कुळाच्या उपयोगासाठी नव्हे तर स्वतःसाठी वाढलं.

हे घर चालत कसं होतं? तिथे राहिलेल्या मुलांनी मोठेपणी लिहून ठेवलेल्या आठवणींतून ते कळतं. फुल्यांच्या घरी परगावच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. मुंबईचा लक्ष्मण कराडी जाया हा त्यांतला एक. सावित्रीबाईंनी आपल्याला आईहून अधिक माया दिली, अशी साक्ष त्याने दिली आहे. महादू सहादू वाघोले यांच्या आठवणींत बायकांना लुगडी वाटणाऱ्या, आल्यागेल्याला जेवू घालणाऱ्या सावित्रीबाई दिसतात; इतका खर्च करू नये असं जोतीराव कधी म्हणाले तर त्या हसून, बरोबर काय न्यायचंय, असं म्हणत. अशा घरात यशवंत वाढला. बाहेर त्याच्या जन्मावरून काय बोललं जात असेल ते वेगळं सांगायला नको. आत मात्र तो पंगतीतला एक होता, इतर पोरांबरोबर जेवणारा, इतर पोरांसारखा रागावून घेणारा.

तो तीन-साडेतीन वर्षांचा असताना मोठा दुष्काळ पडला. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला मदतकार्यात होत्या; तिथून त्यांनी जोतीरावांना पाठवलेलं पत्र आहे. त्याच वर्षी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला. म्हणजे यशवंतची आई चोवीस तास त्याच्या उशाशी बसणारी नव्हती. आजच्या आई-बापांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या आयांना, जो अपराधीपणा वाटायला लावला जातो, त्याच्या संदर्भात हे सांगावंसं वाटतं. मुलाला आईची चोवीस तास हजेरी लागते असं बालमानसशास्त्रही म्हणत नाही. ते म्हणतं की मोजकी, ओळखीची, परत येणारी माणसं लागतात.

ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत यायला मात्र बराच काळ जावा लागला. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टरने दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय होतं : लख्ख, निर्जंतुक, आहार उत्तम, पण एका दाईकडे सात-आठ पोरं. दुसरी होती तुरुंगातली पाळणाघराची खोली. तिथे शिक्षा भोगणाऱ्या आया आपापल्या मुलांना स्वतः सांभाळत. दोन वर्षांत अनाथालयातल्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मेली आणि उरलेली चालण्या-बोलण्यात मागे पडली. तुरुंगातली मुलं वाढली, खेळली. कैदी आईसुद्धा निर्जंतुक खोलीपेक्षा मुलाला जास्त मानवते, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. अंदमानला पाठवलेल्या त्या पहिल्या काशीबाईची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. तिने मूल मारलं ते ती वाईट आई होती म्हणून मारलं नाही. मूल घेऊन उभं राहायला पुणे शहरात तिला वीतभर जागा नव्हती.

स्पिट्झच्या पाठोपाठ १९५१ मध्ये जॉन बोल्बी याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. महायुद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी काय करावं, हा प्रश्न होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की तान्ह्या मुलाला आईशी, किंवा कायमची आईची जागा घेणाऱ्या माणसाशी, उबदार आणि सलग नातं लागतं. त्यावर पुढचं मन उभं राहतं. बोल्बी स्वतः श्रीमंत इंग्रज घरातला. आई दिवसाकाठी तासभर भेटायची. वाढवलं ते दाईने, आणि ती तो चारेक वर्षांचा असताना घर सोडून गेली. त्याचा घाव तो जन्मभर विसरला नाही. जोतीरावांच्या सगुणाबाई मात्र त्यांच्या तरुणपणापर्यंत होत्या. दोन माणसांच्या आयुष्यातला हा फरक मला अहवालांतल्या तक्त्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

पुढे रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यांतल्या निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं पाहिलं. घरात गेलेली मुलं बुद्धीने, नात्यांत, मेंदूच्या वाढीतही पुढे राहिली. आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांचा फायदा सर्वांत मोठा. यशवंतला घर मिळालं ते जन्माच्या दिवशी.

तो वाढत असताना बाहेरचं जग फारसं बदललं नव्हतं. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला पोटचं मूल मारल्याच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं त्याने चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. ते १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं आणि सगळे तुटून पडले तेव्हा त्यांची बाजू घेतली जोतीरावांनी. दरम्यान पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये प्रार्थना समाजाने असंच गृह काढलं होतं, तीर्थाच्या गावी, जिथे अशा विधवांना आणून सोडलं जायचं. पुण्यात मात्र सख्ख्यांच्या मायेवरही भरवसा नव्हता. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लाडक्या लेकीला, बाहुलीला, शिकवायला घेतलं म्हणून नातेवाइकांनीच तिला काचा घातलेला लाडू दिला आणि ती गेली, असं पुण्यात सांगतात. तिच्या आठवणीचा हौद शहरात आहे. हेच घोले जोतीरावांचे डॉक्टर.

१० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र केलं. यशवंत तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. मिळकत त्याच्या नावे, पण एका अटीवर. तो शिकला नाही, उनाड निघाला, तर त्याच्याऐवजी माळी, कुणबी, धनगर अशा समाजातला लायक मुलगा शोधून त्याला वारस करावं. वाचताना हे खटकतं. मुलावरची माया अशी अटीवर असते का? मला वाटतं, अट मायेवर नव्हती, वारशावर होती. जोतीरावांच्या लेखी घर, पुस्तकं आणि चळवळ ही खासगी मिळकत नव्हतीच. तरी त्या वयाच्या पोराला हे वाचून दाखवलं असेल तर त्याची रात्र कशी गेली असेल, हा विचार मनातून जात नाही. मोठ्या माणसाचा मुलगा होणं कुठल्याच काळात सोपं नसतं.

पुढच्या वर्षी जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डाव्या हाताने ते लिहू लागले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचं लग्न झालं, ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या राधाशी, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने. जन्माची कथा ठाऊक असताना मुलगी द्यायला तयार झालेले ससाणे हे चळवळीतलेच. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी राधाला घरी राहायला आणलं होतं, घराची ओळख व्हावी म्हणून, आणि तिचं शिक्षण सुटू नये म्हणून घरकाम स्वतःकडे ठेवलं होतं. सुनेशी वागण्याची ही तऱ्हा आजही किती घरांत सापडेल? दुसरीकडे नवरा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा होता. बालविवाहावर आसूड ओढणाऱ्या घरातलं हे लग्न. वडील अंथरुणाला खिळलेले, मुलाच्या जन्माचा बोभाटा, हाती आलेलं स्थळ : कारणं समजतात, तरी खटकायचं ते खटकतंच.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसले. टिटवं धरेल तो वारस, आणि यशवंत तर बाहेरचा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरासमोर, बापाच्या प्रेतापाशी, तू यांचा नाहीस असं सांगितलं जात होतं. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, पुढे चालल्या आणि अग्नी दिला. बाईने अग्नी दिला याचं कौतुक पुष्कळ होतं आणि ते व्हायलाच हवं. पण त्या क्षणी त्या बाईने आपल्या मुलाला वादातून बाहेरही काढलं होतं. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, डाव्या हाताने लिहिलेलं जोतीरावांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून निघालं. प्रकाशक यशवंत जोतीराव फुले. मृत्युपत्रातल्या अटीला मुलाने दिलेलं उत्तर एवढं नेमकं होतं.

यशवंत डॉक्टर झाला, सैन्यात नोकरीला लागला. १८९५ मध्ये त्याची बायको वारली. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगने थैमान घातलं. त्या प्लेगची भीती रोगापेक्षा ताटातुटीची जास्त होती : गोरे सोजीर घरात शिरत, आजाऱ्याला उचलून छावणीत नेत, आणि मूल कुठे गेलं, आई कुठे ठेवली, याचा पत्ता लागत नसे. सावित्रीबाईंनी मुलाला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, मोकळ्या हवेत, यशवंतने दवाखाना उघडला. आई रोगी आणायची, मुलगा उपचार करायचा. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सहासष्ट वर्षांच्या होत्या त्या. पाठीवर मूल घेऊन चालणाऱ्या बाईचं वय मनात नेहमी कमीच येतं.

यशवंत १९०५ साली वारला, जेमतेम तिशी ओलांडलेला. मागे दुसरी बायको चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी. आणि इथे ही कथा वाईट वळण घेते. ज्या घराने शेकडो परक्या पोरांना जेवू घातलं होतं, त्या घराच्या सुनेला आणि नातीला सांभाळायला कुणी पुढे आलं नाही. घर विकावं लागलं. चंद्रभागाबाईंनी हाल काढले आणि १९३० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर त्यांना बेवारस मरण आलं. नेत्यांच्या पुतळ्यांसाठी वर्गणी देणारा समाज नेत्याच्या नातीसाठी दूधभाकरी काढू शकला नाही. हा ठपका पुण्यावर आहे आणि सत्यशोधकांच्या वारसदारांवरही आहे.

स्वतंत्र भारतात १९५६ च्या कायद्याने मुलीही दत्तक घेता येऊ लागल्या. नंतरच्या कायद्यांनी दत्तकाच्या मध्यभागी कुळाऐवजी मूल आणलं, आणि संस्थेपेक्षा कुटुंब बरं हे तत्त्व मान्य झालं. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात आणि ते घर राज्य संरक्षित स्मारक आहे. महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे : एक पालक किंवा दोन्ही पालक गमावलेलं, किंवा संकटात सापडलेल्या घरातलं मूल संस्थेत न धाडता आईकडे, आजीकडे, काका-मावशीकडे, किंवा त्याला घ्यायला तयार असलेल्या कुटुंबातच राहावं, म्हणून दरमहा मदत द्यायची. २०२३ मध्ये ही रक्कम २,२५० रुपये झाली आणि योजनेला नाव दिलं गेलं ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा असतो, मंजुरी बालकल्याण समिती देते. तुमच्या गल्लीत, वाड्यात, सोसायटीच्या मागच्या वस्तीत असं मूल असेल तर त्याला सांभाळणाऱ्या बाईला ही माहिती द्या, आणि जमलं तर अर्ज भरायला तिच्याबरोबर जा.